धावत्या मुलांसाठी भिंग

आपल्या गावातील कोणत्याही शाळेच्या क्रीडामहोत्सवाची छायाचित्रे एकदा उघडून पाहावीत. पहिल्या पानावर प्रमुख पाहुण्यांचे आगमन असते, दुसऱ्यावर दीपप्रज्वलन, तिसऱ्यावर भाषण. नंतर चषक स्वीकारणारी मुलगी दिसते, आणि तीही पाहुण्यांच्या शालीआड अर्धी झाकलेली. ज्या धावेसाठी तो चषक तिला मिळाला, ती धाव मात्र संग्रहात कोठेच नसते. असलीच तर मैदानाच्या पलीकडच्या टोकाला एक मुंगीएवढी आकृती असते, किंवा जवळून गेलेली एक धूसर रेघ. ती आकृती आपल्या मुलीची आहे, हे आईबापांना बोट ठेवून सांगावे लागते.

यात छायाचित्रकाराच्या मनाचा दोष फारसा नसतो. पाहुणे चार हातांवर स्थिर उभे असतात, त्यांना कोणताही कॅमेरा टिपतो. धावणारे मूल दूर असते आणि थांबत नाही. त्याला टिपण्यासाठी निराळे भिंग लागते. ते कोणते असावे, हा प्रश्न आमच्या शाळेपुढे गेल्या पावसाळ्यात उभा राहिला. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून कॅमेऱ्यासाठी काही रक्कम दिली. शिवाय आपल्या मासिकाचे काही वाचक परप्रांतांतील महाराष्ट्र मंडळांच्या क्रीडास्पर्धांचे काम पाहतात, आणि त्यांच्याही पत्रांतून हाच प्रश्न अधूनमधून येतो. म्हणून या महिन्याचे हे पान त्याला द्यावे असे ठरविले.

आमच्या व्यायामशिक्षकांनी प्रथम जे सुचविले ते बहुतेकांच्या मनात येते तेच होते. "सर, घ्यायचेच तर सहाशेचे घेऊ या. पुन्हा पुन्हा थोडेच घेणार आहोत?" या बोलण्यामागे उत्साह होता, आणि उत्साहाचा अव्हेर करू नये. परंतु मोठा आकडा म्हणजे चांगले भिंग, हे समीकरण तपासून पाहणे अगत्याचे होते. त्यासाठी आम्ही दुकानात जाण्यापूर्वी मैदानात गेलो आणि टेप धरून अंतरे मोजली. माझ्या मते भिंगनिवडीची खरी सुरुवात तेथेच होते.

भिंगावर ७०–३०० किंवा १५०–६०० असे जे आकडे कोरलेले असतात, ते मिलिमीटरमधील नाभीय अंतराचे असतात. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात बहिर्वक्र भिंगाच्या धड्यात जो शब्द येतो तोच हा. दोन आकडे असले म्हणजे ते अंतर फिरवून बदलता येते. अशा भिंगाला झूम म्हणतात. आकडा मोठा होईल तसे दूरचे जवळ आल्यासारखे दिसते. किती जवळ, याचा हिशेब आठवीच्या मुलालाही करता येईल असा आहे. खेळाडूची उंची गुणिले नाभीय अंतर, भागिले खेळाडूचे आपल्यापासूनचे अंतर. आलेले उत्तर म्हणजे कॅमेऱ्याच्या संवेदक पटलावर उमटणाऱ्या प्रतिमेची उंची. पूर्वी ज्या जागी फिल्म असे, त्या जागी आता हे पटल असते. मोठ्या कॅमेऱ्यांत ते जुन्या फिल्मच्याच मापाचे, म्हणजे २४ बाय ३६ मिलिमीटर असते. घरोघरी आणि शाळाशाळांत असणाऱ्या मध्यम किमतीच्या कॅमेऱ्यांत ते बहुधा लहान, सुमारे १५.६ बाय २३.५ मिलिमीटर असते.

आता हे गणित मैदानावर मांडून पाहू. दीड मीटर उंचीची मुलगी कबड्डीत चढाईला गेली आहे आणि छायाचित्रकार बाजूच्या रेषेबाहेर तिच्यापासून दहा मीटरांवर बसला आहे. ७० मिलिमीटरवर तिची प्रतिमा साडेदहा मिलिमीटर येते. लहान पटलाच्या उंचीचा दोनतृतीयांश भाग तिने व्यापला आणि पकड करणाऱ्या मुलींना दोन्ही बाजूंस जागा उरली. हेच चित्र २०० वर घेऊ गेल्यास प्रतिमा ३० मिलिमीटरांची होते, म्हणजे कॅमेरा उभा धरला तरी पायाचा घोटा किंवा डोके बाहेर जाते. ६०० वर तर केवळ एक कान आणि वेणीचा शेपटा मिळेल! कबड्डीचे मैदान महिलांसाठी १२ बाय ८ मीटर आणि पुरुषांसाठी १३ बाय १० मीटर. अशा अंगणवजा जागेत सहाशेचे भिंग घेऊन बसणे म्हणजे घरातल्या घरात दुर्बीण लावण्यासारखे आहे.

खो-खोचे मैदान सुमारे २७ मीटर लांब असते. एका खांबामागे बसून दुसऱ्या खांबावरील झेप टिपायची तर २०० वर प्रतिमा अकरा मिलिमीटर आणि ३०० वर साडेसोळा मिलिमीटरच्या आसपास येते. पहिलीत आजूबाजूचा खेळही दिसतो. दुसरीसाठी कॅमेरा उभा धरावा लागतो. म्हणजे येथे ३०० पुरून उरते.

अडचण येते ती धावपट्टीवर. चारशे मीटरांच्या प्रमाणित धावपट्टीच्या दोन सरळ बाजू ८४.३९ मीटरांच्या असतात आणि आतील मैदानाची रुंदी ७३ मीटर असते. अंतिम रेषेजवळ उभ्या असलेल्या माणसापासून पलीकडचे वळण सहज शंभर मीटरांवर जाते. तेथील मुलगी ३०० वर साडेचार मिलिमीटरांची आणि ६०० वर नऊ मिलिमीटरांची दिसेल. मोठ्या भिंगाची बाजू येथे खरी आहे, हे मान्य केले पाहिजे. पण त्याचबरोबर एक गोष्ट लक्षात घ्यावी. आंतरराष्ट्रीय सामन्यातील छायाचित्रकाराला एकाच कुंपणामागे बसावे लागते, म्हणून त्याला तेवढे लांबचे भिंग लागते. आपल्या शाळेच्या मैदानावर आपल्याला कोण अडवतो? आठशे मीटरांच्या शर्यतीत पहिल्या फेरीला अंतिम रेषेवर आणि दुसऱ्या फेरीला वळणावर जाऊन उभे राहणे ही दोन मिनिटांची पायपीट आहे. सत्तर मीटर चालून गेले की सहाशेचे काम तीनशेवर होते, आणि पायांना दुकानदार किंमत लावीत नाही.

दुसरा विचार प्रकाशाचा. भिंगावर १:४.५–५.६ किंवा १:२.८ असा आणखी एक आकडा असतो. नाभीय अंतराला भिंगाच्या उघडणाऱ्या छिद्राच्या व्यासाने भागले की तो मिळतो. त्याला एफ-आकडा म्हणतात. आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे आणि प्रकाश अधिक. एफ/२.८ चे भिंग एफ/५.६ च्या चौपट प्रकाश आत घेते. पण हा औदार्याचा गुण फुकट मिळत नाही. २०० मिलिमीटर आणि एफ/२.८ म्हणजे ७१ मिलिमीटर व्यासाचे छिद्र. ३०० आणि एफ/५.६ म्हणजे केवळ ५४. आणि ६०० ला एफ/४ हवे असेल तर १५० मिलिमीटर, म्हणजे जेवणाच्या वाटीहून रुंद अशी काच. काच वाढली की वजन वाढते आणि किंमत तर वजनाच्याही पुढे धावते. ७०–२०० एफ/२.८ जातीची भिंगे बहुधा सव्वा ते दीड किलोची असतात, १५०–६०० ची दोन किलोंच्या घरात, आणि ७०–३०० ची साधी भिंगे पाऊण किलोच्या आत. सकाळी नऊपासून सायंकाळी पाचपर्यंत हे ओझे हातात धरणारा शिक्षक किंवा विद्यार्थी डोळ्यांपुढे आणावा.

तो चौपट प्रकाश आपल्याला खरोखर लागतो काय? छायाचित्रकारांत एक जुना ठोकताळा आहे : लख्ख उन्हात छिद्र एफ/१६ वर ठेवावे आणि आयएसओचा, म्हणजे पटलाच्या संवेदनशीलतेचा, जो आकडा असेल तितक्या अंशाचा शटरवेग धरावा. आयएसओ २०० असेल तर सेकंदाचा दोनशेवा भाग. आता छिद्र एफ/१६ वरून एफ/५.६ वर आणले तर प्रकाश आठपट होतो, म्हणून शटर सेकंदाच्या सोळाशेव्या भागावर नेता येते. आदिलाबाद जिल्ह्यातील हिवाळी ऊन ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे सांगावयास नको की, थंडी कितीही कडक असली तरी दहा वाजल्यानंतर आमच्या मैदानावर प्रकाशाचा दुष्काळ नसतो.

आणि सोळाशेवा भाग पुरेसा आहे काय? शाळकरी मुलगी सेकंदाला सहा-साडेसहा मीटर धावते असे धरू. सेकंदाच्या अडीचशेव्या भागात ती अडीच सेंटीमीटर पुढे सरकते. तेवढ्याने चेहरा पुसट होतो, आणि हातपाय तर अंगाहूनही वेगाने हलत असतात. हजाराव्या भागात हेच सरकणे सहा-साडेसहा मिलिमीटरांवर येते आणि चेहऱ्यावरची धूळसुद्धा स्पष्ट दिसते. म्हणून मैदानी खेळांसाठी हजारावा भाग ही खालची मर्यादा धरावी. सोळाशेवा मिळत असेल तर उत्तमच. तात्पर्य, दिवसाउजेडी भरणाऱ्या सामन्यांसाठी एफ/५.६ चे साधे भिंग कमी पडत नाही.

येथे एका गैरसमजाचे निरसन केले पाहिजे. हल्लीच्या भिंगांवर कंपनिरोधाची सोय असते. कॅननने १९९५ साली ७५–३०० मिलिमीटरच्या भिंगात ती प्रथम आणली, आणि आज ती सर्वत्र आढळते. दुकानदार तिचे गुणगान करतात आणि ते खोटेही नसते. परंतु ही सोय छायाचित्रकाराच्या हाताचा कंप आवरते. धावणाऱ्या मुलाला ती आवरू शकत नाही. त्याला आवरणारे एकच साधन, शटरचा वेग. तेव्हा केवळ कंपनिरोधासाठी दुप्पट पैसे मोजण्याचे क्रीडाछायाचित्रणात कारण नाही. लक्ष द्यावे ते स्वयंचलित केंद्रीकरणाकडे, म्हणजे पळत्या आकृतीवर भिंग किती चटकन आणि किती निःशब्दपणे स्थिरावते याकडे. दुकानाच्या दारात उभे राहून रस्त्यावरून येणारी सायकल टिपून पाहावी. दहापैकी सात-आठ चित्रे स्पष्ट आली तर भिंग कामाचे समजावे.

वेगाचा विषय निघाला म्हणून एक उदाहरण देतो. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धांत बीड जिल्ह्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळे यांनी तीन हजार मीटरांच्या स्टीपलचेस शर्यतीत रौप्यपदक मिळविले. त्यांची वेळ होती ८ मिनिटे ११.२० सेकंद, सुवर्णपदक मिळविणाऱ्या केनियाच्या अब्राहम किबिवोट यांची ८ मिनिटे ११.१५. अंतर सेकंदाच्या विसाव्या भागाचे! शेवटच्या धावेत सेकंदाला सात मीटरांचा वेग धरला तर ते ३५ सेंटीमीटर होते. सेकंदाला दहा चित्रे घेणारा कॅमेरा असला तरी दोन चित्रांच्या मधल्या क्षणात धावपटू सत्तर सेंटीमीटर जातो, म्हणजे तो सारा निकाल दोन चित्रांच्या फटीत हरवू शकतो. १९८४ साली लॉस एंजेलिसला पी. टी. उषा यांचे कांस्यपदक तर सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले. यावरून बोध असा की, यंत्राने धडाधड चित्रे घेतली म्हणजे क्षण हाती लागतोच असे नाही. खेळ जाणणारा माणस झेप कोठे पडणार हे आधी ओळखतो. स्टीपलचेसमध्ये पाण्यावरची उडी सात वेळा, ठरलेल्या जागीच येते. अनुभवी छायाचित्रकार त्या अडथळ्यावर भिंग आधीच रोखून बसतो. आमच्याकडे तीच जागा खो-खोच्या खांबाची आणि लांब उडीच्या वाळूची.

आता बाजारात काय मिळते ते पाहू. झूम भिंगाचा इतिहास फार जुना नाही. पस्तीस मिलिमीटरच्या छायाचित्र कॅमेऱ्यासाठी पहिले झूम भिंग फोइग्टलेंडर कंपनीने १९५९ साली विक्रीस आणले; ते ३६ ते ८२ मिलिमीटरचे होते. आज निवड इतकी विपुल आहे की माणूस भांबावतो. आपल्या उपयोगापुरते चार वर्ग करावेत. पहिला ५५–२५० किंवा ७०–३०० चा, हलका आणि सर्वांत स्वस्त. दिवसाच्या शालेय सामन्यांना पुरेसा. दुसरा ७०–२०० एफ/४ चा. वजन बेताचे, काच उत्तम, पोहोच थोडी कमी. तिसरा ७०–२०० एफ/२.८ चा, सायंकाळी, दिव्याखाली किंवा बंदिस्त क्रीडागृहात खेळ होत असतील तर याला पर्याय नाही. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत पहिली विश्वचषक खो-खो स्पर्धा झाली आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या दोन्ही संघांनी ती जिंकली. ती क्रीडागृहात होती, आणि तशा ठिकाणी हेच भिंग शोभते. चौथा १००–४०० किंवा १५०–६०० चा. क्रिकेट, फुटबॉल, सायकल शर्यत अशा विस्तीर्ण मैदानांसाठी, जेथे छायाचित्रकाराला सीमारेषेबाहेरच राहावे लागते. शहरांतील ज्या मंडळांचे क्रिकेट सामने मोठ्या मैदानांवर होतात, त्यांनी या वर्गाचा विचार अवश्य करावा. कबड्डीपुरता तो निरुपयोगी आहे हे वर सांगितलेच.

जुने भिंग घ्यावे की नवे? आरसा असलेल्या कॅमेऱ्यांची जागा आता आरसाविरहित कॅमेरे घेत आहेत, त्यामुळे पहिल्या प्रकारची चांगली भिंगे अनेक हौशी मंडळी विकून टाकतात. शाळांना आणि मध्यमवर्गीय कुटुंबांना ही संधीच आहे. मात्र तीन गोष्टी पाहाव्यात. भिंगातून उजेडाकडे पाहून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी नाही ना, याची खात्री करावी. आपल्याकडच्या पावसाळ्यात हा रोग हटकून लागतो. झूमचे कडे फिरवून ते अडखळत नाही ना, हे पाहावे. आणि भिंग स्वतःच्या कॅमेऱ्यावर चढवून पाहावे. एकाच कंपनीचे असले तरी सर्वच भिंगे सर्व कॅमेऱ्यांवर आपोआप केंद्रित होतात असे नाही. निकॉनची काही जुनी भिंगे कॅमेऱ्यातील मोटरीवर चालतात, आणि त्या कंपनीच्या स्वस्त कॅमेऱ्यांत ती मोटरच नसते. घेतल्यावर भिंग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे. कापडी पिशवीत घालून कपाटात कोंडू नये.

ज्यांच्याजवळ केवळ मोबाइल आहे त्यांनीही खंत करू नये. काही मोबाइलमध्ये आता स्वतंत्र दूरभिंग असते, तेथपर्यंतचे मोठे करणे खरे असते. त्यापुढे बोटांनी पडद्यावर ताणले जाते ते चित्र कापून फुगविणे असते, त्यात नवे काही दिसत नाही. अशा वेळी जवळ जावे, ऊन पाठीशी घ्यावे आणि बसून टिपावे. खाली बसल्याने खेळाडू आभाळाच्या पार्श्वभूमीवर उंच दिसतो आणि मागचे मांडव, मोटारी, पाण्याच्या टाक्या आपोआप खाली जातात. एफ/२.८ चे महागडे भिंग मागचा पसारा पुसट करते म्हणून त्याची कीर्ती आहे; थोडेसे ते काम गुडघे टेकूनही होते.

आता मुख्याध्यापक या नात्याने जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगतो. उटनूर हे एकात्मिक आदिवासी विकास संस्थेचे ठाणे असल्याने आसपासच्या आश्रमशाळांचे आणि सरकारी शाळांचे सामने येथे होतात, आणि आमच्यासारख्यांना त्यांत यजमानपण येते. अशा समारंभांचा नित्याचा अनुभव असा की, उद्घाटनाला उशीर होतो, भाषणे लांबतात, प्राथमिक फेऱ्या दुपारी होतात आणि अंतिम सामने दिवेलागणीस येतात. डिसेंबरात येथे पावणेसहाच्या आत सूर्य मावळतो. मावळतीनंतर दहा-पंधरा मिनिटांत एफ/५.६ च्या भिंगाने हजारावा भाग साधायचा तर आयएसओ ६४०० च्याही वर न्यावा लागतो, आणि चित्र वाळू पसरल्यासारखे रवाळ होते. यावर दोन उपाय आहेत. एक, कित्येक पटींनी महाग असे एफ/२.८ चे भिंग घेणे. दुसरा, अंतिम सामने तीन वाजता ठेवणे आणि भाषणे नंतर! दुसऱ्या उपायाला कागद, पेन आणि थोडे धैर्य एवढाच खर्च येतो. आम्ही तो करून पाहिला. पाहुण्यांना त्याचा राग आला नाही. उलट त्यांनी खेळ पाहिला.

शेवटी आम्ही ७०–३०० चे एक भिंग घेतले, आणि उरलेल्या रकमेतून खो-खोचे दोन नवे खांब व गुडघ्यांच्या पट्ट्या घेतल्या. व्यायामशिक्षक प्रथम किंचित हिरमुसले. परंतु खांब पुरताना सर्वांत पुढे तेच होते.

त्या भिंगाने घेतलेल्या चित्रांपैकी एकाविषयी येथे लिहिले पाहिजे. आमच्या भागात गोंड, कोलाम, परधान, आंध, मथुरा लंबाडा अशा अनेक समाजांची मुले शिकतात, आणि आंध समाजाच्या घरांत मराठी बोलली जाते. अशाच एका घरची नववीतली मुलगी खांबावर झेप घेताना टिपली गेली. दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेले, एक हात खांबावर, दुसरा पळणाऱ्या मुलीच्या पाठीपासून चार बोटांवर, आणि दृष्टी थेट सावजावर. ते चित्र छापून आम्ही घरी पाठविले. आठवड्याने तिची आई शाळेत आली. चित्र तिने पदरात गुंडाळून आणले होते. ती म्हणाली, "सर, ही आमचीच पोरगी हाय का? एवढी उडते?" मी म्हटले, "होय बाई, रोज उडते." तिने चित्र पुन्हा गुंडाळले आणि दहावीनंतर मुलीला पुढे कोठे पाठविता येईल, याची चौकशी केली. त्या घरातून असा प्रश्न तोवर आला नव्हता. एका छायाचित्राने मुलीचे भवितव्य बदलते असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही. पण पुढच्या सामन्याला तिचे वडील काम टाकून मैदानाच्या कडेला येऊन बसले, एवढे मी डोळ्यांनी पाहिले. नाशिकच्या आदिवासी पाड्यातून निघून २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धांत दहा हजार मीटरांचे कांस्यपदक मिळविणाऱ्या कविता राऊत यांनाही प्रथम कोणीतरी धावताना नीट पाहिलेच असेल.

छायाचित्राचे मोल आमच्या परिसराला नवे नाही. जवळच्या मारलावाई गावी १९४० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ राहिले, त्यांनी गोंडांमध्ये शिक्षणाचे काम केले आणि त्या जीवनाची असंख्य छायाचित्रे घेतली. ती लंडनच्या सोआस या संस्थेत जतन केलेली आहेत. त्या काळी येथल्या घरांत स्वतःचा कॅमेरा असण्याचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे पणजोबांचे रूप पाहावयाचे तर परक्याने घेतलेल्या चित्रांकडे वळावे लागते. आज आपल्या मुलांची चित्रे आपली शाळा, आपले मंडळ घेऊ शकते. हेच भिंग दिवाळीच्या सुमारास दंडारीतील गुस्साडी नर्तकांना आणि पुष्य अमावास्येच्या केस्लापूरच्या नागोबा जत्रेलाही उपयोगी पडते. मात्र पूजेच्या ठिकाणी तेथल्या वडीलधाऱ्यांची अनुज्ञा आधी घ्यावी.

अनुज्ञेचा नियम मुलांच्या बाबतीत तर अधिकच कडक असावा. लांबचे भिंग दुरून, समोरच्याला न कळत टिपते; तो त्याचा गुण आहे तसाच धोकाही आहे. खेळाच्या पोशाखातील मुलींची चित्रे मोबाइलच्या गटांवर वाटेल तशी फिरू देऊ नयेत. आमच्याकडे रीत अशी ठेवली आहे की, चित्रे प्रथम एक शिक्षिका पाहते, अवघडलेली चित्रे पुसून टाकते. मग प्रत्येकीला तिचे चित्र छापून मिळते. आणि बाहेर कोठे द्यावयाचे तर पालकांना विचारून. मंडळांनीही अशी काही रीत घालून घ्यावी, हे सुचवावेसे वाटते.

तेव्हा ज्यांना भिंग घ्यावयाचे आहे त्यांनी पुढच्या रविवारी टेप घेऊन आपल्या मैदानावर जावे. आपण उभे कोठे राहणार, खेळाडू किती दूर असणार, आणि अंतिम सामना किती वाजता होणार, हे तीन आकडे कागदावर लिहावेत. ते घेऊन दुकानात जावे, आणि दुकानदाराने त्याहून मोठा आकडा पुढे केला तर नम्रपणे कारण विचारावे. शक्य असेल तर तसेच भिंग एक दिवस भाड्याने आणून मैदानावर वापरून पाहावे. मोठ्या शहरांत ती सोय असते. उरलेले पैसे चेंडू, जाळी, खांब यांना द्यावेत. आणि पहिले चित्र छापून घरी पाठवावे ते शेवटच्या क्रमांकाने आलेल्या मुलाचे. पहिल्या क्रमांकाचे चित्र बक्षीस घेताना निघतेच.